‘असल्यास’ : रेडिओच्या लायसनचा पैसा कुणाचा होता?

आजोबांच्या ट्रंकेत विम्याच्या पावत्या, सातबाऱ्याचे उतारे आणि दोन मोडक्या चष्म्यांच्या खाली एक पातळ पुस्तक सापडलं. रेडिओचं लायसन. आत मालकाचं नाव, पत्ता, संचाची माहिती आणि पुढे पानापानावर पोस्टाचे गोल शिक्के, वर्षाला एक. काही शिक्के इतके फिके झालेत की साल वाचायला पान उजेडात तिरकं धरावं लागतं. एका वर्षाचा शिक्काच नाही. आजी सांगायची, त्या साली पैशांची ओढाताण होती. तपासनीस गावात आल्याची कुणकुण लागली की मर्फीचा रेडिओ घडवंचीवर गोधड्यांच्या चळतीत जाऊन बसायचा.

वर्षाचे पंधरा रुपये. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, शिक्का घ्यायचा. ते पंधरा रुपये पोस्टातून पुढे कुठे जायचे, हे आजोबांनी कधी कुणाला विचारलं नसावं. कुणीच विचारत नव्हतं, आणि माझ्या मते या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारं महामंडळ म्हणजे प्रसार भारती. त्याचा कायदा १९९० सालचा. त्याच्या सतराव्या कलमात महामंडळाला पैसा कुठून मिळेल ते लिहिलं आहे. संसदेच्या मंजुरीने केंद्र सरकार दोन प्रकारचा पैसा देऊ शकतं. एक, रेडिओ-टीव्ही संचांच्या परवाना शुल्काची रक्कम, ‘असल्यास’, वसुलीचा खर्च वजा करून. दोन, भागभांडवल, अनुदान किंवा कर्ज म्हणून सरकारला गरजेची वाटेल ती रक्कम. गंमत अशी की कायदा झाला तेव्हा हे शुल्क रद्द होऊन काही वर्षं लोटली होती. मसुदा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर तो शब्द घातला. सार्वजनिक प्रसारणाचा खर्च कुणी करायचा, या प्रश्नाचं आपल्याकडचं अधिकृत उत्तर असं एका ‘असल्यास’वर लटकलेलं आहे. ते तसं का लटकलं, हे समजून घ्यायला मुंबईतल्या एका बुडालेल्या कंपनीपासून सुरुवात करावी लागते.

आठ रुपयांचा हिशेब

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. महिनाभराने, २६ ऑगस्टला, कलकत्त्याचं. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती. अध्यक्ष सर इब्राहीम रहिमतुल्ला, सरव्यवस्थापक बीबीसीतून आणलेले एरिक डन्स्टन. ठरलेलं भांडवल पंधरा लाखांचं, प्रत्यक्ष उभे राहिले सहा लाख. त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभारण्यात गेले. म्हणजे उद्घाटनाचे हार सुकायच्या आतच गल्ल्यात दीड लाख उरले होते.

उत्पन्नाची व्यवस्था ब्रिटनची पाहून बेतलेली. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपये लायसन फी भरायची. वसुली सरकारची, आणि त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे आठ रुपये, कंपनीचे. शिवाय परदेशातून येणाऱ्या रेडिओ-सामानाच्या किमतीवर व्यापाऱ्यांकडून दहा टक्के.

कागदावर चोख. आता आकडे मांडून बघू. १९२७ अखेर देशात ३,५९४ लायसनं होती. १९२८ अखेर ६,१५२. १९२९ अखेर ७,७७५. त्याच काळात ब्रिटनमध्ये ती वीस लाखांच्या वर होती. ७,७७५ गुणिले आठ म्हणजे ६२,२०० रुपये, आणि तेही वर्षाचे. कंपनीचा खर्च आधी महिन्याला तेहेतीस हजारांच्या घरात होता, काटकसर करून तो चोवीस हजारांवर आणला. एवढं करूनही लायसनच्या उत्पन्नात जेमतेम अडीच महिने निघायचे. उरलेले साडेनऊ महिने रेडिओ चालवायचा कशावर? आयात सामानावरच्या दहा टक्क्यांनी हे भगदाड बुजणार नव्हतं, कारण संचच विकले जात नव्हते.

संच का विकले जात नव्हते, हे समजायला नकाशा पुरतो. मुंबईचं प्रक्षेपक यंत्र दीड किलोवॉटचं. खात्रीने ऐकू येण्याची हद्द तीसेक मैलांची, म्हणजे कल्याण ओलांडलं की सगळा भरवसा खरखरीवर. पुणं, नाशिक, कोल्हापूर, नागपूर इथल्या माणसाने मुंबई केंद्रासाठी दहा रुपये भरायचे तरी कशाला? राहिली मुंबई. तिथे परदेशी बनावटीचा महाग संच घेणारे म्हणजे साहेबलोक, पारशी घरं, पेढीवाले शेठ. गिरणगावातल्या खोलीत रेडिओ शिरायला अजून कितीतरी वर्षं होती. कार्यक्रम चांगले करायला पैसा नाही, आणि कार्यक्रम चांगले नाहीत म्हणून पैसा देणारे वाढत नाहीत. आपल्याकडच्या नाटक कंपन्या अशाच फेऱ्यात बुडत आल्या आहेत. फरक एवढाच की नाटकवाल्याला तिकीटबारीवर स्वतः बसता येतं.

रेडिओ कंपनीला ते येत नव्हतं, आणि मला हे बुडण्याचं सर्वांत महत्त्वाचं कारण वाटतं. विनापरवाना ऐकणारे पुष्कळ होते. त्यांना हुडकणं, त्यांच्यावर खटला भरणं कंपनीच्या अखत्यारीत नव्हतं. ज्याचं पोट वसुलीवर, त्याच्या हातात वसुली नाही. आणि ज्याच्या हातात वसुली, त्याला ती झाली काय नि न झाली काय सारखंच. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

मद्रासची गोष्ट इथेच सांगून टाकतो. तिथे १९२४ पासून हौशी मंडळींचा रेडिओ क्लब प्रसारण करत होता. १९२७ मध्ये त्यांचे पैसे संपले, तेव्हा त्यांनी आपलं यंत्र मद्रास महापालिकेच्या हवाली केलं आणि १९३० पासून पालिकेने स्वतःचं प्रसारण सुरू केलं. गटारं, दिवाबत्ती, शाळा आणि रेडिओ, एकाच तिजोरीतून. आकाशवाणीचं मद्रास केंद्र येईपर्यंत ते चाललं. लायसनच्या हिशेबात अडकलेल्या मुंबईपेक्षा ही वाट साधी होती. तिचा पुढे कुणी विचार केला नाही याची चुटपुट लागते.

बंद करायचं की नाही

कंपनी बुडाल्यावर व्यापारी आणि श्रोते सरकारकडे धावले. १ एप्रिल १९३० पासून सरकारने दोन वर्षांच्या प्रयोगाच्या बोलीवर दोन्ही केंद्रं चालवायला घेतली. जागतिक मंदीचे दिवस. ऑक्टोबर १९३१ मध्ये काटकसर म्हणून हे सगळं बंद करायचं ठरलं. ओरड झाली, आणि २३ नोव्हेंबरला निर्णय फिरला.

निर्णय फिरवताना पैशाची जी सोय केली ती बघण्यासारखी आहे. रेडिओ संचांवरचं आयात शुल्क पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्के केलं. म्हणजे दरवर्षी दारोदार दहा रुपये मागत फिरण्यापेक्षा संच बंदरात उतरतानाच एकदा घसघशीत घ्यायचं. तिथे माल गोधडीखाली लपवता येत नाही.

त्याला जोड मिळाली १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याची. १ जानेवारी १९३४ पासून परवान्याशिवाय संच नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा झाला. १९३२ अखेर ८,५५७ वर असलेली लायसनं १९३४ अखेर १६,१७९ झाली. श्रेय सगळं कायद्याला देता येत नाही. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची साम्राज्यासाठीची लघुलहरी सेवा सुरू झाली होती, आणि लंडन ऐकायला म्हणून हिंदुस्थानातल्या गोऱ्यांनी संच घेतले. मुंबई-कलकत्त्याच्या रेडिओला तारलं ते काही अंशी लंडनच्या कार्यक्रमांनी!

या धामधुमीत एक गोष्ट गुपचूप घडली. कंपनी गेली तसे तिचे ऐंशी टक्केही गेले. दहातले आठ रुपये थेट प्रसारण करणाऱ्याचे, हा नियम पुन्हा कधी आला नाही. फी सरकारी तिजोरीत जमा व्हायची आणि प्रसारणाला सरकारच्या अंदाजपत्रकातून रक्कम मिळायची. दोन्हींचा संबंध हिशेबाच्या तक्त्यात दाखवता येईल इतकाच. ८ जून १९३६ रोजी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं ते एका सरकारी खात्याचं नाव म्हणून.

पंधरा रुपये आणि पोस्टातली रांग

पुढची पन्नास वर्षं भराभर सांगता येतील. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली. मग नागपूर, पुणे, सांगली अशी केंद्रं वाढली, ट्रान्झिस्टर आला, बांधावर, टपरीवर, बैलगाडीत रेडिओ पोचला. १९७० च्या दशकात लायसनांची संख्या कोटीच्या पुढे होती. फी पोस्टात भरायची, परवाना तार कायद्याखालचा. बंदुकीला लायसन, तसं रेडिओला लायसन. आजोबांच्या पुस्तकात ‘तुम्ही या केंद्राचे आश्रयदाते आहात’ असं सुचवणारी एक ओळ नाही. उशीर झाला तर काय होईल, ते मात्र आहे.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर चंदा समितीने प्रसारणासाठी स्वायत्त महामंडळाची शिफारस केली होती. महामंडळ तेव्हा झालं नाही. जाहिराती मात्र आल्या. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर व्यापारी प्रसारण सुरू झालं, देशात सर्वांत आधी मुंबई, पुणे आणि नागपूर इथून. साबण, चहा, डोकेदुखीच्या गोळ्या. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही जाहिराती लागल्या. आता श्रोत्याचे पंधरा रुपये नसते तरी काही अडलं नसतं, निदान दिल्लीच्या नजरेत.

म्हणून १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात आधी साध्या संचांची आणि मग सगळ्याच रेडिओ-टीव्हींची फी माफ झाली तेव्हा कुणाला हळहळ वाटली नाही. कोट्यवधी किरकोळ वसुल्या, कारकुनांचा वेळ, बुडवणारे बेसुमार. व्यवहार म्हणून निर्णय बरोबरच होता. आमच्याकडे तर त्या दिवशी सुटकेचा नि:श्वास पडला असणार. आकाशवाणीनेही तक्रार केल्याचं दिसत नाही. करणार कशी? तो पैसा तिने आपला म्हणून कधी हातात घेतलेलाच नव्हता. ब्रिटनमध्ये परवाना शुल्कावरून दर काही वर्षांनी रान पेटतं, कारण भरणाऱ्याला ते बीबीसीला दिल्यासारखं वाटतं आणि मग तो भांडतो, कार्यक्रमांवरून, पगारांवरून, पक्षपातावरून. आपल्याकडे भांडायला मुळात नातं नव्हतं.

भाडेकरू

प्रसार भारती प्रत्यक्षात नोव्हेंबर १९९७ मध्ये उभी राहिली. ‘असल्यास’ तेव्हाही नव्हतं, आजही नाही. आज घर चालतं ते तीन-चार वाटांनी. पगाराचा मोठा भार सरकारी अनुदानावर. यंत्रसामग्रीसाठी वेगळ्या योजना. २०२३ च्या जानेवारीत मंजूर झालेली एक योजना २,५३९.६१ कोटींची आहे. जाहिराती आहेतच. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण २००७ च्या कायद्याने खाजगी वाहिन्यांना दूरदर्शनशी वाटून घ्यावं लागतं आणि टीव्हीवरच्या जाहिरातींचं उत्पन्न हक्कदार व दूरदर्शन यांच्यात किमान ७५:२५ असं विभागलं जातं.

सर्वांत मनोरंजक वाट मात्र डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची. डिसेंबर २००४ मध्ये ती सुरू झाली. एकदाच तबकडी आणि खोका घ्यायचा, मग महिन्याचं काही नाही. त्यावर खाजगी वाहिन्यांनाही जागा मिळते, ई-लिलावात बोली लावून. पैसे देते ती वाहिनी, बघणारा फुकट बघतो. या क्षेत्रातल्या अंदाजांप्रमाणे अशी घरं चार कोटींच्या वर आहेत.

माझ्या मामाच्या घरी पत्र्यावर वीट ठेवून ती तबकडी बसवलेली आहे. वाऱ्याने हलली की मामी कोयत्याच्या मुठीने ठोकून तिला जागेवर आणते. २०१९ च्या मार्चमध्ये तिच्या रोजच्या हिंदी मालिकांची वाहिनी अचानक गेली. तिला वाटलं, तबकडी हलली. दोन दिवस ठोकाठोक झाली. घडलं होतं वेगळंच. वाहिन्यांच्या किमतींची नवी दररचना आल्यानंतर चार बड्या समूहांनी आपापल्या मोफत हिंदी मनोरंजन वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या होत्या. जून २०२० मध्ये त्या परतल्या, कारण जाहिरातदाराला ही गावाकडची घरं हवी होती. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. येताना वा जाताना मामीला कुणी विचारलं नाही, आणि ते साहजिक आहे. या व्यवहारात गिऱ्हाईक वाहिनी आहे, मामी म्हणजे दुकानाच्या गल्लीतली वर्दळ.

तरी या उत्पन्नाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. ते आठ रुपये गेल्यापासून प्रसारकाला स्वतःच्या हिमतीवर मिळालेला, मंत्रालयापुढे हात न पसरता येणारा असा हा पैसा आहे. सिनेमांच्या आणि गाण्यांच्या वाहिन्यांच्या भाड्यातून, निदान अंशतः, शेतीविषयक कार्यक्रम नि भावगीतांची ध्वनिमुद्रणं निघत असतील तर सौदा वाईट नाही. पण चार कंपन्यांच्या बैठकीत बेत बदलला की त्या वर्षीचं गणित बदलतं. तेवढ्याच्या भरवशावर सांगली किंवा रत्नागिरी केंद्राचा पाच वर्षांचा बेत आखता येत नाही.

मग काय करावं

इटलीत टीव्हीची फी बुडवणारे फार होते. २०१६ पासून त्यांनी ती घरगुती वीजबिलातच टाकली, हप्त्यांनी, आणि बुडवेगिरी झपाट्याने उतरली. हे वाचून आपल्याकडेही कुणाला हुरूप येऊ शकतो. त्याने आधी महावितरणचं बिल समोर धरावं. स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क. त्याखाली ‘आकाशवाणी आकार’ अशी ओळ छापली तर पहिल्या महिन्यात रस्त्यावर बिलांच्या होळ्या पेटतील, आणि त्या पेटवणाऱ्यांत मीही असेन. एका दिव्याच्या घराला आणि चार एसींच्या घराला सारखी फी लावणं मुळातच अन्यायाचं आहे. शिवाय रेडिओ आता खिशातल्या फोनमध्ये आहे. संच मोजायचे तरी कसे?

फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंची वार्षिक फी रद्द केली आणि तिच्या जागी मूल्यवर्धित करातला वाटा दिला. सोय तात्पुरती होती. दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहावं लागेल म्हणून तिथले प्रसारक धास्तावले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये खास कायदा करून ती वाट पक्की करावी लागली. रकमेइतकाच वाद वाटेचा होता.

मला १९३१ चा उपाय पुन्हा बघावासा वाटतो. टीव्ही संच आणि मोबाइल फोन यांवर केंद्राला जो कर मिळतो, त्यातला एक ठरलेला हिस्सा, पाच-पाच वर्षांसाठी कायद्याने बांधून, प्रसार भारतीच्या निधीत. नवा कर नाही, पोस्टातली रांग नाही. सतराव्या कलमातल्या ‘असल्यास’च्या जागी एक टक्केवारी. जास्त किमतीचा संच घेणाऱ्याकडून आपोआप जास्त येईल. राज्यांचा जीएसटीतला वाटा याला शिवता कामा नये, नाहीतर प्रस्ताव पहिल्याच बैठकीत गारद होईल.

याची कच्ची बाजूही सांगतो. ठरावीक कामासाठी गोळा केलेले उपकर त्या कामाच्या निधीपर्यंत पूर्ण पोचत नाहीत, असं महालेखापरीक्षकांनी अनेकदा नोंदवलं आहे. पैसा आधी भारताच्या संचित निधीत जातो, तिथून बाहेर पडायला संसदेची मंजुरी लागते आणि मधे अर्थखातं बसलेलं असतं. कलम बदललं तरी ही खिंड तशीच राहते. माझ्या उपायाने पैसा मागण्याची पद्धत बदलेल; तो रोखून धरण्याची ताकद दिल्लीकडून जाणार नाही. पाच वर्षांचा आकडा जाहीर असला तर रोखलेलं निदान दिसेल, इतकंच.

जून २०२३

आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रं छत्रपती संभाजीनगरहून द्यायची, असा आदेश २०२३ च्या जूनमध्ये निघाला. त्या पदावर भारतीय माहिती सेवेतला अधिकारी नाही, असं कारण होतं. पुण्यात गहजब झाला. लोकप्रतिनिधी, पत्रकार, जुने निवेदक, सकाळच्या बातम्यांवर घड्याळ लावणारी म्हातारी माणसं, सगळे बोलले. पश्चिम महाराष्ट्रातले लाखो श्रोते, असं प्रत्येक निवेदनात होतं. काही दिवसांतच केंद्रीय माहिती व प्रसारणमंत्री अनुराग ठाकूर यांनी आदेशाला स्थगिती दिली आणि बातम्या पुण्याहूनच सुरू राहिल्या.

निवेदनं दिल्लीला गेली, मंत्र्यांच्या नावाने. कागदावर स्वायत्त असलेल्या महामंडळाचा निर्णय फिरवायचा तर कुठे जायचं, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. आजोबांनी बाकी ठेवलेल्या त्या एका वर्षाचे पंधरा रुपये कुणाला देणं लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.